दाढदुखीचे खिळे

आमच्या पंचायतीला एखादं काम झटपट व्हावंसं वाटलं, की समजावं त्यात कुणाचा तरी मेव्हणा बसलाय. हे मी बाहेर उभा राहून बोलत नाही. रिटायर होईपर्यंत मी त्याच पंचायतीत बिल कलेक्टर होतो. घरपट्टी आणि पाणीपट्टी गोळा करणं हे कागदावरचं काम. बाकी साहेबांना चहा सांगण्यापासून मेलेलं कुत्रं उचलायला माणूस शोधण्यापर्यंत सगळं माझ्याच गळ्यात. गाव बसवकल्याण तालुक्यात, मुडबीकडं जाणाऱ्या रस्त्याला. इथं बोलणं मराठीत, कागद कन्नडमध्ये आणि भांडण दोन्हीत. भांडण फारच रंगलं तर उर्दूत. त्यामुळं सरकारी पत्र आलं की ते गावाला वाचून दाखवणं हेही मलाच करावं लागे, आणि पत्रातलं जे आवडलं नाही ते मीच लिहिलंय असं समजून लोक माझ्यावर डाफरत.

बसस्टॉपवर एक कडुनिंब आहे. दोघांनी हात जोडून मिठी मारली तरी खोड कवेत येत नाही. त्याच्या सावलीत माझी थोरली बहीण बसते. तिला मी आक्का म्हणतो, म्हणून सगळं गाव आक्का म्हणतं, तिच्यापेक्षा म्हातारी माणसंसुद्धा. दाजी गेल्यावर ती दोन पोरी घेऊन माहेरी आली, झाडाखाली स्टोव्ह मांडला, कढई ठेवली आणि सुसला आणि मिरची भजी विकायला लागली. सुसला म्हणजे चुरमुरे भिजवून फोडणीला टाकायचे, वरून दाण्याचं कूट. त्यावर तिनं दोन्ही पोरींची लग्नं केली. तिच्या डोक्यावर पत्रा नाही, ताडपत्री नाही. जे काय आहे ते झाड. होळीनंतर आमच्याकडं डांबर चपलेला चिकटतं. झाड गेलं तर तिथं कुत्रं उभं राहणार नाही, गिऱ्हाईक तर सोडाच.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी, पाऊस उघडल्यावर, ते झाड शेंड्याकडून वाळायला लागलं. सगळ्यात आधी आक्कालाच कळलं, कारण कढईत करपलेली पानं पडायला लागली. दसऱ्यापर्यंत अख्खं झाड वरून कुणीतरी मशाल फिरवल्यासारखं तपकिरी झालं. रस्त्याकडेच्या बाकीच्या कडुनिंबांचंही तेच. गावात जितकी तोंडं तितकी कारणं निघाली. कुणी म्हणालं मोबाईलचा टॉवर, कुणी म्हणालं नजर. एक मेंबर म्हणाले की हे वरच्या सरकारनं मुद्दाम केलंय. कोणतं वरचं, ते त्यांनी सांगितलं नाही.

पंचायतीची तातडीची मीटिंग लागली. टाकीची गळती तीन उन्हाळे बघत बसलेली ही माणसं. पण झाडासाठी सगळे मेंबर हजर, तेही वेळेवर. तेव्हाच मला वास आला. अध्यक्ष म्हणाले, रोग संसर्गाचा आहे, झाड धोक्याचं आहे, कुणाच्या डोक्यावर पडलं तर जबाबदार कोण? म्हणून तोडून टाकू. आणि जागा रिकामी राहिली तर वाईट दिसतं, म्हणून तिथं चार गाळे काढू. गाळ्यांचा नकाशा त्यांच्या खिशातच होता.

"आणि आक्का?" मी विचारलं.

"आक्काचं बी बघू की कुठं तरी," अध्यक्ष म्हणाले.

पंचायतीतलं 'बघू' मी तीस वर्षं ऐकत आलोय. त्याचा अर्थ मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

पण झाड तोडायचं तर तालुक्याच्या बागायत खात्याचा दाखला लागतो. ते पत्र लिहायचं काम अर्थात माझ्याकडं आलं. अध्यक्षांनी सांगितलं, 'झाड मेलंय, तोडायला परवानगी द्यावी' असं लिही. मी लिहिलं, 'झाड आजारी आहे, तपासून उपचार सुचवावा.' अध्यक्षांना कन्नड बोलता झकास येतं, वाचायचा मात्र कंटाळा. त्यांनी खाली झोकदार सही ठोकली. हे पाप माझ्या नावावर जरूर लिहा. नोकरीत मी पगारापुरतंच काम केलं, पण ते एक पत्र मनापासून लिहिलं.

आठवड्याभरात स्कूटीवरून एक मॅडम आल्या. वयानं माझ्या पोरीएवढ्या. अध्यक्षांनी शाल आणि हार तयार ठेवला होता. मॅडमनी हाराकडं बघितलंही नाही. खिशातनं छोटी सुरी काढली, खोडाची साल नखाएवढी खरवडली आणि आत हिरवं दिसल्यावर हसल्या. म्हणाल्या, ही बुरशी आहे. शेंडे मरतात, झाड मरत नाही, लक्ष दिलं तर. वाळके शेंडे छाटून जाळा. मग खोडाभोवती एक फेरी मारली आणि त्यांचं हसू गेलं.

"हे काय आहे?" त्यांनी कन्नडमध्ये विचारलं. "झाड आहे की खिळ्यांचं दुकान?"

त्यांचा हुकूम साधा होता. खिळे, तारा, बोर्ड, सगळं काढायचं. प्रत्येक खिळा म्हणजे जखम आणि जखमेतनंच रोग आत शिरतो. भोकं मोरचूद आणि चुन्याच्या लेपानं बुजवायची. तेवढं झालं की फवारणीचा पंप त्या पाठवणार. "महिनाभरानं मी परत येते. झालं नसेल तर तोडायचा दाखला मलाच द्यावा लागेल. मग माझ्याकडं येऊ नका," असं म्हणून त्या गेल्या. हार शेवटी पीडीओ साहेबांच्या, म्हणजे पंचायतीवरच्या सरकारी अधिकाऱ्याच्या, गळ्यात पडला.

एवढं सोपं काम. पण मॅडम आमच्या भागातल्या नव्हत्या, त्यांना ठाऊक नव्हतं की ते खिळे कसले आहेत.

आमच्या गावात पूर्वी एक म्हातारबा होता. कुणाची दाढ दुखायला लागली की तो त्याला या कडुनिंबाकडं आणायचा, तोंड उघडायला लावायचा, खिळ्याचं टोक दुखऱ्या दाढेला लावायचा, ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटायचा आणि तोच खिळा झाडात ठोकायचा. दुखणं झाडात गेलं. खिळा आधी धुतलेला असायचा असं काही नाही. आसपासच्या चार गावांची दाढदुखी त्या झाडात होती. आम्ही लिंगायत, आमच्या घरी मंत्रतंत्राला थारा नाही असं वडील छातीठोक सांगायचे. गळ्यात लिंग, तोंडात वचनं आणि दाढ ठणकली की म्हातारबाच्या दारात. या सगळ्यात अट एकच. जो कुणी खिळा उपसेल, ते दुखणं त्याच्या दाढेत येणार.

म्हातारबा मरून गेला. अट मात्र जिवंत होती.

त्यात भर अशी की गेल्या काही वर्षांत निवडणुकीचे बॅनर, क्लासचे बोर्ड आणि खुद्द अध्यक्षांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स त्याच झाडावर ठोकले गेले होते. आता कोणता खिळा दाढेचा आणि कोणता वाढदिवसाचा, हे सांगणार कोण? म्हणून कुणी कशालाच हात लावेना. अध्यक्षांच्या फ्लेक्सचा खिळाही सोवळ्यात गेला.

मी आधी पंक्चरवाल्या चाचांकडं गेलो, त्यांच्याकडं पक्कड होती. ते म्हणाले, "पक्कड लेके जाव. मेरेकू नक्को बोलो." वायरमनला विचारलं, तो म्हणाला लाईटच्या खांबावर चढतो, करंट परवडला. मग मी पीडीओ साहेबांना म्हणालो, साहेब, तुम्ही शिकलेले, दक्षिणेकडचे, तुम्ही पहिला खिळा काढा, लोकांची भीती मोडेल. साहेबांनी अंधश्रद्धेवर छोटं भाषण केलं. ते छान होतं. मग पक्कड हातात घेतली, झाडापर्यंत गेले, जीभ गालाच्या आत फिरवली आणि पक्कड माझ्या हातात परत दिली. म्हणाले, नुकतंच रूट कॅनल केलंय, उगाच कशाला.

अध्यक्ष खुशीत होते. रोज सकाळी झाडाखाली येऊन भजी खायचे आणि महिन्यातले किती दिवस उरले ते आक्काला सांगायचे. तिच्याच कढईतली भजी खाऊन.

आणि मी? माझी पक्कड महिनाभर सायकलच्या कॅरिअरला अडकवलेली होती. सगळ्यांना मी हसत होतो. पण मीही एक खिळा काढला नाही. कारण विचाराल तर कामं होती.

मॅडम येण्याच्या चार-पाच दिवस आधी, दुपारी दोन बसच्या मधल्या वेळात, आक्कानं स्टोव्ह विझवला, पदर खोचला आणि माझ्यापुढं हात केला.

"आण ती पक्कड."

"आक्का, काय करायलीस?"

"मला दात न्हाईत. एक बी न्हाई." तिनं तोंड उघडून सगळ्या बसस्टॉपला दाखवलं. मिसरी लावून लावून तिचे दात कधीच गेले होते. कवळी होती, पण ती फक्त लग्नाला घालायची. "येऊ दे कुणाचं बी दुखणं. बसंल कुठं?"

सगळा गाव विचार करून थकला होता आणि हे कुणालाच सुचलं नव्हतं. मग लोक मागं सरकले आणि गालावर हात ठेवून बघायला लागले.

आक्कानं पहिला खिळा धरला, पाय खोडाला लावला आणि उपसला. करकरून आवाज झाला. खिळा तेलाच्या रिकाम्या डब्यात टाकला. मग दुसरा. काही खिळ्यांची डोकी सालीत गडप झाली होती, ती तिनं झाऱ्याच्या टोकानं उकरून काढली. आणि तोंड चालूच. "ह्यो बघ, ह्यो तुझ्या आज्ज्याचा. ह्यो कोहिनूर गावच्या पाटलाचा, लई रडला हुता." ज्यांचे खिळे निघाले ते तिथंच कळवळायला लागले. एक किराणावाले अप्पा काठी टेकत पुढं आले.

"आक्का, माझा तेवढा राहू दे की. लई वर्सं झाली, गुण हाय."

"तुला दात राहिलेत व्हय? परवा भजं कुस्करून मागितलास."

अप्पांनी जिभेनं चाचपून बघितलं आणि काठी टेकत परत गेले. वाढदिवसाच्या फ्लेक्सचे खिळे निघाले तेव्हा आक्का म्हणाली, ह्यांचं दुखणं दाढेत न्हाई, दुसरीकडं हाय. अध्यक्ष तेव्हा नेमके तिथं नव्हते, पण त्यांना ते संध्याकाळच्या आत पोचलं.

शेवटी एकच खिळा राहिला. बाकीच्यांपेक्षा हातभर उंच. स्टुलावर चढून तिचा हात पोचला असता. ती चढलीही. पक्कड खिळ्याला लावली, थोडा वेळ तशीच उभी राहिली आणि खाली उतरली.

"त्यो राहू दे आता," ती म्हणाली. "बस आली."

बस आली नव्हती. तो खिळा कुणाचा होता हे मला माहीत होतं. तो मीच मारला होता.

दाजी उंच होते. बीदरजवळ कोळारच्या एका कारखान्यात पोती उचलायचे, तिथंच खोली करून राहायचे, पंधरा दिवसांनी घरी यायचे. गालात सदा तंबाखू-चुना. एकदा आमच्याकडं आले ते गाल धरूनच. आक्का म्हणाली, बीदरच्या मोठ्या दवाखान्यात दाखवू. मी शिकलेला, पंचायतीत नोकरी लागलेला, घरात माझा शब्द चालायचा. मी म्हणालो, एका दाढेपायी बीदर कशाला? आणि त्यांना म्हातारबाकडं नेलं. म्हातारबाचे हात तेव्हा थरथरायला लागले होते, म्हणून हातोडा त्यानं माझ्याकडं दिला. दाजी उंच म्हणून खिळाही उंच. दोन दिवस बरं वाटतंय असं ते म्हणाले. मला वाटतं, माझं मन राखायला म्हणाले. ती दाढ नव्हतीच. बऱ्याच महिन्यांनी बीदरला गेलो तेव्हा डॉक्टरनं तोंडात बॅटरी मारली आणि बघितलं माझ्याकडं, त्यांच्याकडं नाही. पुढचा पाडवा त्यांनी बघितला नाही.

आक्का त्यावर मला एक अक्षर बोलली नाही. त्या दिवशी नाही, नंतर नाही. रोज सकाळी मी त्याच झाडाखाली तिचा चहा प्यायलो आणि रोज तो खिळा आमच्या डोक्यावर होता. ती मला शिव्या देती तर मी सुटलो असतो. मला त्या गप्प राहण्याची फार भीती वाटायची, अजून वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर स्टूल झाडाला लावलेलं होतं. तिनं पक्कड माझ्या हातात दिली.

"त्यो तू मारलास. तूच काढ."

"आक्का..."

"कामून? भ्यालास व्हय?"

भ्यालो होतो. माझ्या तोंडात सगळे दात होते. पण चढलो. खिळा खोल गेला होता, भोवतीनं साल ओठासारखी मिटत आली होती. दोन्ही हातांनी ओढल्यावर तो आला आणि मी स्टुलावरनं पडता पडता राहिलो. मी उतरल्यावर ती चढली. निळ्या लेपात बोट बुडवलं आणि ते भोक बुजवलं, भाजीचं मीठ चाखावं इतक्या सावकाश. तो खिळा मात्र तिनं डब्यात टाकला नाही. कमरेच्या पिशवीत ठेवला.

मॅडम आल्या, भोकं बघितली, पंप पाठवला, फवारणी झाली. वाळके शेंडे छाटले, ते जाळायला मी स्वतः उभा राहिलो, नाहीतर लोक कणगीत घालायला पाला घरी नेत होते. छाटल्यावर झाड इतकं भुंडं दिसायला लागलं, की अध्यक्षांनी नकाशा परत काढला. मॅडम म्हणाल्या होत्या, फाल्गुनापर्यंत थांबा. सरकारी काम अन् सहा महिने थांब, हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा आनंदानं वापरलं. दर मीटिंगला काही ना काही कागद कमी पडेल याची मी काळजी घेतली. ती विद्या मला येत होती.

आणि मधल्या काळात काय झालं ते सांगायलाच पाहिजे. खिळा काढल्यावर चौथ्या दिवशी माझी दाढ दुखायला लागली.

मी कुणाला सांगितलं नाही. गावानं काय म्हटलं असतं ते तुम्हीच बघा. पीडीओ साहेबांनी तर जाहीर सत्कार केला असता. मी लवंग धरली, दुसऱ्या बाजूनं चावलं, भाकरी डाळीत बुडवून खाल्ली, भजी सोडली. पोटाचं कारण सांगितलं. दवाखान्यात जावं असं रोज वाटायचं आणि रोज पाय मागं यायचा. दाढच आहे, असं मी स्वतःला सांगायचो. हेच वाक्य मी पूर्वी एकदा दुसऱ्याला सांगितलं होतं, हेही आठवायचं. दिवसा मी हसायचो आणि एकटा असलो की आरशासमोर तोंड उघडून बघायचो.

होळी झाली आणि एका सकाळी झाडाला तांबूस पालवी दिसली. आठ दिवसांत ती सगळीकडं पसरली, मग मोहोर आला. बसस्टॉपवर कडवट गोड वास सुटला. अध्यक्ष म्हणाले, बघा, पंचायतीनं झाड वाचवलं. त्यांनी फ्लेक्सही छापून आणला. तो झाडावर ठोकायला गेल्यावर मात्र आक्कानं झारा उगारला, तेव्हा तो चाचांच्या दुकानाला बांधला. गाळे आता पाण्याच्या टाकीजवळ होणार म्हणतात. तिथली गळती त्या निमित्तानं बघू.

पाडव्याला आक्कानं त्याच झाडाचा मोहोर आणि गूळ कालवून सगळ्यांच्या हातावर ठेवला. मी विसरलो. गूळ कचकन चावला आणि डोळ्यांपुढं काजवे चमकले. गालावर हात गेला.

आक्का माझ्याकडं बघत होती.

"दुखायलंय व्हय?"

"न्हाई."

"कधीपासनं?"

ती मागं वळली, तिनं स्टोव्ह विझवला. दुसऱ्या दिवशी सकाळी बीदरच्या पहिल्या बसला आम्ही दोघं होतो. आक्कानं धंदा बंद ठेवल्याचं मला त्याआधी आठवत नाही, माझ्या पोरीच्या लग्नालासुद्धा ती दुपारी येऊन जेवून गेली होती.

डॉक्टर पोरसवदा होता. मला खुर्चीत आडवं केलं, दिवा लावला. आक्काला बाहेर बसायला सांगितलं तर ती हलली नाही.

"नीट बघा," ती म्हणाली. "जिभेखाली बघा. गालाच्या आतनं बघा. एक दाढ बघून सोडू नका."

तो हसला, पण त्यानं बघितलं. बराच वेळ, आरसा फिरवून फिरवून, आक्का मोजून घेतल्यासारखी वाकून बघत होती म्हणून. मग म्हणाला, "काही नाही, आजी. दाढ किडलीय. जुनीच कीड आहे. काढून टाकू."

दाजी गेले तेव्हा आक्का मोठ्यानं रडली नव्हती. पोरी पोटाशी घेऊन भिंतीला टेकून बसली होती. तिथं त्या दवाखान्यात ती डॉक्टरच्याच स्टुलावर बसली आणि हंबरडा फोडून रडली. डॉक्टर घाबरला. "अहो आजी, एकच दाढ आहे," असं तो तीनदा म्हणाला.

दाढ निघाली. गालात कापूस धरून मी बाहेर आलो. स्टँडवर बसची वाट बघत आम्ही बाकावर बसलो. तिचे डोळे अजून लाल होते.

"इतके दिवस गप्प कामून बसलास?" तिनं विचारलं.

मी कापूस काढला. "तू कामून बसलीस?"

मी काय विचारतोय ते तिला लगेच कळलं. मग कमरेच्या पिशवीतनं तिनं तो खिळा काढला आणि माझ्या हातात दिला.

"रागात हुते," ती म्हणाली. "कापूस धर आता, रक्त यायलंय."